स्पितीला जायचंय? ठिकाणं कमी करा, मुक्काम वाढवा

पहिल्या खेपेला आम्ही आठ जण होतो, एक टेम्पो ट्रॅव्हलर होती आणि हातात सहा दिवस होते. तेवढ्यात आम्ही चंद्रताल, की गोंपा (गोंपा म्हणजे बौद्ध मठ), किब्बर, लांग्झा, हिक्किम, कोमिक, धनकर आणि ताबो उरकलं. घरी आल्यावर आईने विचारलं, "तिकडची माणसं कशी असतात गं?" मला उत्तर देता येईना. हॉटेलात वाढायला होता तो मुलगा नेपाळचा, ड्रायव्हर मंडीचा, धाब्यावर भेटलेले सगळे पुण्याचे नि बंगळुरूचे. स्पितीचं माणूस असं एकही भेटलं नव्हतं.

तीन वर्षांनी मैत्रिणीला घेऊन पुन्हा गेले. या वेळी ठिकाणं दोनच, ताबो आणि पिन खोऱ्यातलं मुद. दिवस मात्र बारा. त्या बारा दिवसांत जे कळलं आणि ज्या चुका झाल्या, ते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी इथे लिहिते आहे. 'सहा दिवसांत संपूर्ण स्पिती' हवी असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.

१. जाताय कुठे, हे आधी समजून घ्या

स्पिती हा हिमाचलच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यातला पूर्वेकडचा भाग. नावाचा अर्थ 'मधला प्रदेश', म्हणजे तिबेट आणि हिंदुस्थान यांच्या मधला. झाडं जवळपास नाहीत, पाऊस नावाला, आणि माणसं अगदी थोडी. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या स्पितीत साडेबारा हजारांच्या आसपास लोक होते. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त राहत असतील. काजा हे मुख्य गाव. बँक, दवाखाना, पेट्रोल पंप, बसस्टँड सगळं तिथेच. काजात हॉटेलं खूप आहेत. तिथे सामान घ्यायला थांबा, राहायला पुढे जा.

धर्म बौद्ध, पण सगळे गोंपा एका पंथाचे नाहीत. की आणि ताबो गेलुग पंथाचे, कोमिकचा गोंपा साक्य पंथाचा आणि पिन खोरं निंग्मा पंथाचं. हे परीक्षेसाठी पाठ करायची गरज नाही, पण एका बाबतीत उपयोगी पडतं. पिन खोऱ्यातले लामा लग्न करतात. मुदमध्ये एका घरी मरून रंगाच्या वस्त्रातले आजोबा नातवाला खेळवत बसले होते. माझी मैत्रीण पटकन बोलून गेली, "लामा आणि नातू?" आजोबा हसले, पण सून काही हसली नाही.

२. कधी जावं

गाड्यांची गर्दी जून-जुलैत. स्पितीत पाऊस कमी असला तरी तिथे पोचायची शिमल्याकडची वाट शेजारच्या किन्नौर जिल्ह्यातून जाते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या वाटेवर दरडी कोसळतात. नाकोजवळचा मलिंग नाला त्यासाठी बदनामच आहे.

माझ्या मते गणपती आटोपून निघावं. सप्टेंबरमध्ये आकाश स्वच्छ असतं, जव आणि मटार निघत असतात, छतांवर गवत रचायचं काम चालू असतं. लोक कामात असतात हे खरं, पण गावात असतात, शेतात दिसतात, आणि हाताला काम असलं की बोलणंही सोपं होतं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर मनालीकडचा कुंझुम घाट बंद झालेला असू शकतो. मग येणं-जाणं दोन्ही शिमल्याच्या वाटेनेच धरा. पहिल्याच खेपेला हिवाळ्यात जाऊ नका. तापमान शून्याखाली वीसच्या पुढे जातं, नळ गोठतात, आणि तुमची काळजी घेणं हे यजमानांच्या डोक्यावरचं आणखी एक काम होऊन बसतं.

३. वाट: शिमल्याकडून चढा, मनालीकडून उतरा

या लेखातलं एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल.

मनालीहून काजा सुमारे दोनशे किलोमीटर. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून रोहतांग चढावा लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की वाट आता सोपी झाली. पण ग्राम्फूपासून पुढचा रस्ता अजूनही दगडगोट्यांचा आणि ओढ्यांचा आहे. शिवाय मनाली दोन हजार मीटरवर आणि कुंझुम साडेचार हजारांच्या वर. एका दिवसात एवढी उडी शरीराला झेपत नाही. आम्ही पहिल्या खेपेला पहिलीच रात्र चंद्रतालला तंबूत काढली, सुमारे ४,३०० मीटरवर. आठांपैकी पाच जण रात्रभर डोकं धरून बसले होते आणि एकाला उलट्या होत होत्या. तलाव सुंदर आहे असं म्हणतात. मी तो फोटोतच नीट पाहिला.

शिमल्याकडून चढ हळूहळू येतो. आम्ही केलेला क्रम असा: शिमला, मग सराहनला एक रात्र, कल्पाला एक (तीन हजार मीटरच्या थोडं खाली), नाकोला एक (साडेतीन हजारांच्या वर), आणि मग थोडं उतरून ताबोला तीन. खाबजवळ स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून डोंगर बोडके होत जातात. सुमदोला तपासणी नाका लागतो, तिथून स्पिती सुरू.

एसटीची सवय असलेल्यांनी हिमाचल परिवहनच्या बसला घाबरायचं कारण नाही. शिमला ते रिकाँगपिओ (किन्नौरचं मुख्य गाव) बऱ्याच बस असतात. रिकाँगपिओहून काजाला जाणारी बस सकाळी निघते. ती चुकली की दिवस गेलाच म्हणून समजा. तिकिटासाठी आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन विचारून या. बसायला नदीच्या बाजूची जागा धरा. दरीची भीती वाटत असेल तर अर्थातच धरू नका.

४. कागदपत्रं, पैसे, पिशवी

भारतीय नागरिकांना स्पितीसाठी परवाना लागत नाही. आधार किंवा वाहन परवाना मूळ प्रत जवळ ठेवा, दोन झेरॉक्स वेगळ्या ठेवा.

पण अमेरिकेहून आलेली भाची किंवा जावई बरोबर असेल आणि त्यांचा पासपोर्ट परदेशी असेल, तर किन्नौरच्या वरच्या भागातून ताबोकडे येताना परवाना लागतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे म्हणून ही अट सुटत नाही. परवाना शिमल्याला किंवा रिकाँगपिओला मिळतो. सरकारी कचेरी आहे, तेव्हा शनिवार-रविवार मध्ये येणार नाहीत असं बघून निघा.

बाकी पिशवीत काय काय हवं:

- रोख पैसे, तेही सुट्टे. काजात स्टेट बँकेचं एटीएम आहे, पण त्यात नेहमी पैसे असतीलच असं नाही. गावात नेटवर्क नसलं की यूपीआय काय कामाचं?
- फोनचं प्रीपेड सिम इथे चालतं (लडाखसारखी अडचण नाही), पण काजा सोडलं की रेंजचा भरवसा धरू नका. घरी आधीच सांगून ठेवा, "चार दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका."
- टॉर्च. रस्त्यापेक्षा ताबोच्या मंदिरात जास्त लागेल.
- लोकरी टोपी, मोजे, एक जाड आणि दोन पातळ स्वेटर, ओठांना लावायला काहीतरी, गॉगल.
- पाण्याची स्टीलची बाटली. प्लास्टिकच्या बाटल्या तिथे नेल्या तर कचराही तिथेच साठतो. खाली आणून टाकणार कोण?
- टिश्यू पेपर. का ते सातव्या पायरीत.
- घरच्यांसाठी खाऊ. आम्ही शेंगदाण्याची चिक्की आणि चकल्या नेल्या. चिक्की पहिल्याच संध्याकाळी संपली. चकल्यांना मात्र सगळ्यांनी नुसतं हसून दाद दिली.

५. विरळ हवा

तीन हजार मीटरच्या वर पहिले दोन दिवस सुस्तावून राहा. जिना चढतानासुद्धा घाई नको. पाणी पीत राहा, जेवण हलकं ठेवा, दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे घरून निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा. मेडिकलमधून आपल्या मनाने उचलायची ही गोळी नव्हे.

डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न लागणं हे बऱ्याच जणांना होतं आणि विश्रांतीने उतरतं. पण चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ येऊ लागला, किंवा नुसतं बसल्या जागी धाप लागू लागली तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी खाली उतरा. "उद्या बरं वाटेल" म्हणत थांबणारेच अडचणीत येतात.

६. टॅक्सी सोडा, गावची बस पकडा

काजात उतरलात की टॅक्सीवाले विचारतात, "लांग्झा-हिक्किम-कोमिक, एका दिवसात, करायचं का?" करू नका असं म्हणत नाही. लांग्झाला समुद्री जीवांचे दगड झालेले अवशेष सापडतात, कारण हा सगळा मुलूख कोट्यवधी वर्षांपूर्वी टेथिस समुद्राच्या तळाशी होता. हे डोळ्यांनी बघण्यासारखंच आहे. (मुलं ते दगड विकायला आणतील. घेऊ नका, उचलूही नका.) पण गाडी प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं थांबते, आणि वीस मिनिटांत कोणाशी काय बोलणार?

गावच्या बसचं वेळापत्रक तुमच्यासाठी केलेलं नसतं, गावकऱ्यांसाठी केलेलं असतं. काजाहून किब्बरला किंवा पिन खोऱ्यात मुदला जाणारी बस दुपारनंतर सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येते. म्हणजे बसने गेलात तर रात्री मुक्काम आलाच.

आणि बसमध्येच अर्धं काम होतं. आमच्या मुदच्या बसमध्ये गॅस सिलिंडर होते, शाळेची दप्तरं होती, पत्र्याचा एक लांबलचक पाइप होता आणि कोणाची तरी शिलाई मशीन होती. ती मशीन माझ्या पायाशी आली. तिच्या मालकिणीने पाऊण तास माझ्याकडे पाहिलंही नाही. मग अतरगूच्या वळणावर मशीन घसरली, मी ती दोन्ही पायांत धरून ठेवली, आणि तिने विचारलं, "कहाँ रुकोगे?" आमची राहायची सोय अशी झाली.

वेळा दर हंगामात बदलतात. काजाच्या स्टँडवर आदल्या दिवशी विचारा, आणि एकाला नव्हे, तिघांना विचारा.

७. होमस्टे म्हणजे कोणाचं तरी घर

एका घरात दोघं-तिघंच उतरा. आठ जणांचा घोळका घरात शिरला की घरच्या बाईला पाहुणे सांभाळायचे राहत नाहीत, खानावळ चालवावी लागते. काही गावांत पाहुणे कोणाकडे जायचे याची पाळी ठरलेली असते. तिथे "आम्हाला तेच निळ्या खिडक्यांचं घर हवं" असा हट्ट धरू नका. भाडं जेवणासकट किती, हे आल्याआल्या विचारून घ्या. घासाघीस मात्र करू नका.

घरात बसायची जागा स्वयंपाकघर. मधोमध पत्र्याची शेगडी असते, तिला 'तंदूर' म्हणतात, तिचा पाइप छतातून बाहेर जातो. आपल्या तंदुरी रोटीशी तिचा संबंध नाही. भिंतीला लागून गाद्या आणि समोर बुटकी टेबलं. शेगडीजवळची जागा वडीलधाऱ्यांची, तेव्हा "इथे बसा" असं कोणी म्हणेपर्यंत दाराच्या बाजूला बसा. पाय पसरून तळवे शेगडीकडे किंवा देवघराकडे करू नका. चुलीत कागद, सालं, टिश्यू असला कचरा टाकू नका.

सरपण तिथे सोन्यासारखं. झाडं नसल्यामुळे लाकूड खालून येतं, शेण वाळवून साठवतात. म्हणून रोज बादलीभर गरम पाणी मागू नका. मी बारा दिवसांत तीनदा आंघोळ केली आणि कोणालाही काही कळलं नाही, कारण कोणीच त्याहून जास्त करत नव्हतं.

आता संडास. जुन्या घरांत तो कोरडा असतो: वरच्या मजल्यावर मातीची खोली, जमिनीत भोक, बाजूला माती-राखेचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती टाकायची. खाली साठतं त्याचं खत होऊन वसंतात शेतात जातं. त्यात पाणी ओतायचं नाही! आपण मराठी माणसं तांब्या घेऊन जातो, आणि तिथे नेमकं तेच चालत नाही. म्हणून टिश्यू. वापरलेला कुठे टाकायचा हे लाज न बाळगता विचारून घ्या.

जेवायला डाळ-भात, थुक्पा (नूडल्सचं सूप), मोमो, तिंगमो नावाचा वाफवलेला पाव. शाकाहारी असाल तर आल्याआल्या एकदाच, साध्या शब्दांत सांगा. "आमच्या भांड्यांना मांस लागलेलं नको" असली यादी वाचू नका. सुकवलेलं मांस हे त्या घरचं हिवाळ्याचं अन्न आहे.

लोणी-मिठाच्या चहाचं गणित वेगळं आहे. तुम्ही एक घोट घेतला की कप पुन्हा भरतात. आपल्याला ताट स्वच्छ करायची सवय, त्यामुळे मी संपवत गेले आणि घरच्या बाई ओतत गेल्या; पाच कपांनंतर मैत्रिणीने कोपर मारलं. पुरे झालं असेल तर भरलेला कप तसाच ठेवा आणि उठताना संपवा. जवाची छांग किंवा अरक (दोन्ही घरगुती दारू) समोर आली आणि घ्यायची असेल, तर अनामिकेचं टोक बुडवून तीनदा हवेत शिंपडतात, मग घोट घेतात. आपली चित्राहुती आठवते. नको असेल तर पेल्यावर हात ठेवून हसून नाही म्हणा. पहिला नकार शिष्टाचार समजला जातो, म्हणून दोन-तीनदा म्हणावं लागेल.

८. गोंपात कसं वागावं

ताबोपासून सुरुवात करा. इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला हा गोंपा आजही वापरात आहे. बाहेरून मातीचे ढिगारे वाटतात. सोबतच्या एकाने पहिल्या खेपेला विचारलं होतं, "हेच का ते?" आत काळोख. डोळे सरावले की भिंतींतून पुढे आलेल्या, माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती दिसू लागतात, आणि त्यांच्या मागेपुढे रंगच रंग. ताबोला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात, आणि अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाला ते पटतं: तोच अंधार, तसाच टॉर्चच्या उजेडात तुकड्यातुकड्याने उलगडणारा चेहरा. आत फोटोला बंदी आहे. ती पाळा, गुपचूपसुद्धा काढू नका. १९७५ च्या भूकंपात जुन्या इमारतींना धक्का बसला, त्यानंतर बाजूला नवं सभागृह बांधलं गेलं. रोजची प्रार्थना तिथे होते.

त्या प्रार्थनेला जा. सकाळी सहाच्या आसपास असते, वेळ आदल्या दिवशी लामांना विचारून ठेवा. बूट बाहेर, टोपी काढून, भिंतीशी मागे बसायचं. आपल्या काकड आरतीला जसं अर्धवट झोपेत जाऊन बसतो तसंच. मधेच उठून जायचं असेल तर दाराजवळची जागा धरा. चहाची किटली फिरते. ती पाहुण्यांपर्यंतही येते, नाही म्हणू नका.

प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवीकडून. स्तूप (तिथे छोर्तेन म्हणतात), मंत्र कोरलेल्या दगडांची मणी भिंत, प्रार्थनाचक्रं, सगळं तुमच्या उजव्या हाताला राहील असं चाला. मणी भिंतीवर बसू नका, त्यातला दगड तर अजिबात उचलू नका. लहान लामा दिसले की लोक चॉकलेटं वाटतात. ती मुलं शिकायला आलेली आहेत. काही द्यायचं असेल तर दानपेटी आहे, किंवा मोठ्या लामांना विचारा.

आणि लामांना भविष्य विचारू नका. ताबोला आमच्यासमोर एका काकांनी तळहात पुढे केला होता. लामाजींनी शांतपणे त्यावर चहाचा कप ठेवला.

९. बोलायचं काय

'जुले' या एका शब्दावर अर्धी स्पिती पार पडते. नमस्कार, आभार, येतो, सगळं त्यातच. आई-मावशीच्या वयाच्या बाईंना 'आमा' म्हटलं तर चालतं, भिक्षूंना 'लामाजी'. हिंदी बहुतेकांना येते. वयस्कर बायकांना कमी येते, मग घरातली शाळकरी मुलगी दुभाषी होते.

काही वाक्यं तोंडातून बाहेर पडू देऊ नका. "तुम्ही तिबेटहून कधी आलात?" ते कुठूनही आलेले नाहीत, पिढ्यान्पिढ्या तिथलेच आहेत. "तुम्ही इंडियन वाटत नाही" हे तर नकोच. याच स्पितीत ताशीगंगला पंधरा हजार फुटांवर मतदान केंद्र लागतं, जगातलं सर्वांत उंचावरचं, आणि लोक पारंपरिक कपडे घालून मत द्यायला येतात. सीमा, सैन्य, चीन हे विषय तुम्ही काढू नका. "इथे कंटाळा येत नाही का?" हा प्रश्न मी विचारला होता. उलट प्रश्न आला, "तुमच्या लोकलमध्ये येत नाही का?"

मग विचारायचं काय? शेताबद्दल विचारा. मटार या भागाचं नगदी पीक आहे, त्याचा भाव हा हुकमी विषय. पाणी विचारा: बर्फ वितळून येणारं पाणी पाटाने शेतात आणतात, ते कोणाला कधी मिळणार याचे नियम असतात आणि त्यावरून भांडणंही असतात. घराबद्दल विचारा. जुन्या रिवाजात थोरल्या मुलाचं लग्न झालं की मोठं घर, खांगचेन, त्याच्याकडे जातं आणि आईवडील छोट्या घरात, खांगचुंगमध्ये, राहायला जातात. धाकटे मुलगे पूर्वी गोंपात जात. हे कळलं की समोरचं छोटं घर बघून "म्हाताऱ्यांना वेगळं काढलं वाटतं" असं आपल्या हिशेबाने बोलायचा मोह होत नाही.

पण खरं सांगू का, प्रश्नांपेक्षा काम बरं. तिसऱ्या संध्याकाळी मुदच्या घरच्या आमांनी मटाराच्या शेंगांचं टोपलं शेगडीपाशी ओतलं. मी विचारलं, करू का? त्या हसल्या, वाटलं असणार की हिला काय येणार. आता डोंबिवलीच्या बाईला मटार सोलता येत नाहीत असं कसं होईल! माझी मैत्रीण तर अंगठ्याने शेंग उघडून एका फटक्यात दाणे काढते. आमांचे हात थांबले. त्यांनी तिचा अंगठा धरून बघितला, मग स्वतः एक शेंग तशी उघडून पाहिली, दाणे थेट शेगडीवर उडाले आणि चर्र झालं. त्यानंतर त्या बोलायला लागल्या. धाकटा मुलगा चंदीगडला शिकतो, थंडीत तिकडे जाऊन राहते पण उकडतं, गुडघा दुखतो आणि अमचींच्या, म्हणजे तिथल्या वैद्यांच्या, पुड्यांनी बरा राहतो. आधीचे दोन दिवस मी त्याच प्रश्नांची सरबत्ती करत होते आणि उत्तर 'हाँ जी, नहीं जी' एवढंच येत होतं.

१०. फोटो

आधी ओळख, मग कॅमेरा. विचारल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्याचे जवळून फोटो काढू नका. शेतात वाकलेल्या बायकांचे लांबूनही नकोत. गावाच्या वर झेंडे लावलेली लहानशी रचलेली जागा दिसली तर ती ग्रामदेवतेची असू शकते. फोटो राहू द्या, जवळ जाण्याआधीच कोणाला तरी विचारा. ड्रोन घरीच ठेवा.

११. निघताना

आदल्या रात्री हिशेब करून टाका. सकाळी बस गाठायच्या गडबडीत पैसे देणं बरं दिसत नाही, आणि त्यात सुट्ट्यांचा घोळ होतो. नोटा दोन्ही हातांनी द्या. आपला सगळा प्लास्टिक कचरा आपल्या पिशवीत घालून काजापर्यंत तरी आणा. गळ्यात पांढरा खतक (मानाचं उपरणं) घातला तर मान वाकवून घ्या, आणि तो दाराबाहेर पडताच काढून पिशवीत कोंबू नका.

हिक्किमला सुमारे ४,४०० मीटरवर पोस्ट ऑफिस आहे, १९८३ पासून चालू. तिथून स्वतःलाच पोस्टकार्ड टाकायची टूम आहे. टाका, मजा येते. पण त्याहून महत्त्वाचं टपाल उलट दिशेने जायला हवं. "फोटो पाठवतो" असं प्रत्येक पाहुणा म्हणतो. मुदच्या त्या स्वयंपाकघरात एका काचेच्या चौकटीत असे आलेले फोटो लावले होते, मी मोजले, चार. आमा म्हणाल्या, पाहुणे मात्र "बहुत, बहुत" आले.

तेव्हा निघण्याआधी पत्ता वहीत लिहून घ्या: घरचं नाव, गाव, पोस्ट, पिनकोड, आणि घरातल्या शिकलेल्या मुलाकडून तो तपासून घ्या. घरी आल्यावर आठवडाभरात फोटो छापा, मागे तारीख लिहा, पुठ्ठा घालून पाकीट बंद करा आणि साध्या टपालाने नाही, स्पीड पोस्टाने पाठवा. बर्फ पडला की टपालही रखडतं, म्हणून दिवाळीच्या फराळाला हात घालण्याआधी हे पाकीट पोस्टात पडलेलं असू दे.